सारख्या चवीच्या दिवसांतला डंक

"बघा, नेमका हिच्याच मागं माझा नंबर! आता हिची निम्मी लवंग माझ्या मसाल्यात उतरणार. केरूभाऊ, आधी नीट झाडून घ्या तुमचं ते मशीन!"

हे बोलणं अगदी माझ्या कानाशी झालं. म्हणजे मला कान असते तर कानाशी. बोलणारी झुंबरबाई. नाकावर पदर, मांडीवर मसाल्याचा डबा, आणि डोळ्यांत मिरचीचं पाणी. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती तिची धाकटी जाऊ लताबाई माझ्यासमोर बसून आपला मसाला चाळत होती आणि पदराआड हसत होती.

मित्रांनो, मी एक जुना डंक आहे. मिरची-मसाला कुटायचं यंत्र. दोन लोखंडी उखळं, त्यांत वरखाली होणारी दोन मुसळं, एक पट्टा आणि एक तापट मोटार, एवढाच माझा संसार. आता तुमच्या घरी मसाला पाकिटातून येतो, त्यामुळे तुम्ही मला पाहिलं नसेल. पाहिलं असतं तरी लांबूनच, कारण माझ्याजवळ उभं राहिलं की शिंका येतात.

माझा जन्म सिन्नरच्या एका कारखान्यात झाला. मला बनवणाऱ्या मिस्त्रीने शेवटचा बोल्ट आवळला, मला चालू करून पाहिलं आणि म्हणाला, "डावं मुसळ जरा जड पडतंय. असू दे, काम चांगलं करील." त्यामुळे माझा आवाज इतर डंकांसारखा धाड-धाड नव्हता. तो होता धाड-धुडूक. माझ्या मालकाने, केरूभाऊने, टेम्पोत घालून मला पंचवटीत आणलं, भाजी बाजारामागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं, नारळ फोडला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतले रिक्षावाले नाकाला रुमाल लावून जायला लागले.

उन्हाळा आला की माझ्यासमोर बायकांची रांग लागे. कोणी पंचवटीतल्याच, कोणी मखमलाबादच्या मळ्यांतून आलेल्या. प्रत्येकीच्या डब्यात धणे, खोबरं, दगडफूल, लवंग, मिरे, उन्हात वाळवून तळलेला कांदा. जिन्नस तेच, पण प्रत्येकीचा हात वेगळा. एक खोबरं करपेपर्यंत भाजायची, तर दुसरी नुसतं उन्हाला दाखवायची. वर्षभराचा मसाला म्हणजे घराची अब्रू. कुटून होईपर्यंत कोणी जागचं हलत नसे.

आता एक गोष्ट या सगळ्या जणींना ठाऊक होती. मला कितीही झाडा, माझ्या उखळाच्या तळाशी आधीच्या बाईचा चमचाभर मसाला राहतोच, आणि तो पुढच्या बाईच्या डब्यात जातो. म्हणून रांगेत भांडणं व्हायची. ज्या बाईचं खोबरं खवट, तिच्यामागे कोणी बसायला तयार नसे. जिचा हात चांगला, तिच्यामागे बसायला मात्र ढकलाढकली. तोंडाने कोणी कबूल करत नसे, अर्थात.

सगळ्यांत मजेची झुंबरबाई. ती सकाळीच येऊन बसायची, आणि एकेकीला म्हणायची, "तू जा पुढं बाई, मला घाई नाय." अशा चौघी-पाचजणी पुढे सोडून ती बरोबर लताबाईच्या मागे नंबर लावायची. आणि नंबर लागला रे लागला की कुरकुर सुरू. दरवर्षी. मी धाड-धुडूक करत ऐकत असे.

या कुरकुरीमागे एक दुखणं होतं. लताबाई लग्न होऊन आली त्या वर्षी दिवाळीत सासऱ्यांनी भरल्या पंगतीत म्हटलं होतं, "हाताला चव हाय ती धाकटीच्या." थोरली तेव्हा वाढत होती. तिच्या हातात पळी होती. पुढे दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या. झेंडूचा मळा एक, विहीर एक, अंगण एक, चुली दोन. झुंबरबाईची स्वतःची मुलं शाळेतून आली की आधी काकूच्या चुलीपाशी डोकावत. झुंबरबाई ते बघायची आणि भाकरी जरा जोरात थापायची.

असे दिवस चालले होते. आणि मग शहाण्णवच्या सुमारास सारखेपणा मंडळ आलं.

मित्रांनो, मी उगाच कोणाची निंदा करणार नाही. मंडळ आलं तेव्हा लोकांना बरंच वाटलं होतं. प्रत्येक गल्लीत सारखं पाणी आलं. प्रत्येक घरात सारखं धान्य आलं. कोणाचं ताट रिकामं राहू नये, हे कोणाला नको असेल? केरूभाऊने तर पेढे वाटले. तिथेच ते थांबले असते तर आज मी त्यांचे गोडवे गायले असते.

पण ते थांबले नाहीत. ताटं सारखी भरली, तरी लोक सुखी दिसेनात, म्हणून मंडळाने विचार केला. त्यांना असं आढळलं की, माणसाला उपाशी राहण्याइतकंच दुःख दुसऱ्याचं चांगलं बघून होतं. माणूस दुसऱ्याचं चांगलं बघूच शकत नाही, ही मंडळाची ठाम समजूत. पुढचा सगळा कायदा या एका समजुतीवर उभा राहिला.

मग शाळेत पळण्याच्या शर्यतीत सगळ्या मुलांनी हात धरून एकदमच पोहोचायचं, असं ठरलं. घरं सगळी पिस्ता रंगाची झाली. मखमलाबादच्या मळ्यांत बायका कात्री घेऊन बसल्या आणि मोठ्या झेंडूच्या पाकळ्या कातरून त्याला धाकट्याएवढा करू लागल्या. लताबाई आणि झुंबरबाई एकाच बांधावर बसून फुलं कातरायच्या. लताबाई म्हणायची, "आक्का, याला दुखत असंल का हो?" झुंबरबाई म्हणायची, "गप कातर. साहेब बघतोय."

आणि शेवटी चवीचा नंबर आला.

मंडळाने चवकाटा नावाचं एक यंत्र काढलं. हातात मावेल एवढी पेटी, तिला तांब्याची एक पट्टी. ती पट्टी भाजीत बुडवली की पेटीवरचा काटा हलायचा. काटा पाचावर थांबला पाहिजे. पाचाच्या खाली राहिला तर त्या बाईला चढाची पुडी. पाचाच्या वर गेला तर उताराची पुडी. उताराची पुडी करड्या रंगाची, राखेसारखी. ती भाजीत ढवळली की चांगली भाजी मुकाट्याने खाली बसायची.

मलाही मंडळाने ताब्यात घेतलं. माझ्या उखळांवर मंडळाचा शिक्का बसला. आता बायकांनी डबे आणायचे नाहीत. मंडळाची पोती येणार, एकच मसाला कुटला जाणार आणि सगळ्यांना सारखा वाटला जाणार. माझा सत्कार झाला, हार घातला गेला. भाषणात मला "निःपक्षपाती" म्हणाले. मला शब्द कळला नाही, पण हार झेंडूचा होता आणि सगळी फुलं एकाच मापाची होती. सत्कारानंतर एक माणूस कानस घेऊन आला आणि त्याने माझं डावं मुसळ घासून उजव्याच्या वजनाचं केलं. तेव्हापासून माझा आवाज धाड-धाड झाला. माझा मलाच ओळखू येईना.

शेडमध्ये शांतता पसरली, मित्रांनो. बायका येत, पिशवी पुढे करत, मसाला घेत, जात. कोणाच्या मागे बसायचं यावरून भांडण नाही. भांडण नाही म्हणून बोलणं नाही, आणि बोलणं नाही म्हणून हसणं नाही. जेवल्यावर "बरोबर झालंय" एवढंच म्हणायची मुभा होती. "छान" हा शब्द लोक घरातही दबक्या आवाजात वापरू लागले, आणि मग वापरेनासेच झाले. कोणाच्या पोटात भूक उरत नसे, पण कोणी "अजून थोडं वाढ" असंही म्हणत नसे.

झुंबरबाई मात्र पहिल्या वर्षी खूश होती. तिचा काटा न चुकता पाचावर. न पुडी, न सूचना. मंडळाने तिच्या दाराला हिरवी पाटी लावली. ती शेडमध्ये येऊन केरूभाऊला म्हणाली, "बघितलं का भाऊ? सगळे हात सारखेच असतात. उगाच लोक काहीबाही बोलायचे."

केरूभाऊ म्हणाला, "बोलायचे खरं. आता कोणी काहीच बोलत नाय."

झुंबरबाईने त्याच्याकडे जरा बघितलं आणि पिशवी उचलली. त्यानंतर ती पाटीबद्दल बोलली नाही.

इकडे लताबाईची पंचाईत. तोच मसाला, तीच डाळ, तीच मंडळाने ठरवून दिलेली आमटी, तरी तिचा काटा पाचाच्या पुढे. बिचारीने काय काय करून बघितलं! फोडणी मुद्दाम जाळली, तर आमटीला खमंग वास आला. मीठ विसरली, तर डाळीचा गोडवा वर आला. एकदा तर डोळे मिटून रांधलं. काटा सातावर.

तपासणीला येणारे साहेब म्हणजे हिरामण. नांदगावकडचा माणूस, उंच, सडपातळ, गळ्यात चवकाटा अडकवलेला. आवाज मऊ. वाईट माणूस नव्हता. पुडी ढवळताना तो दुसरीकडे बघायचा.

"मी काय करू बाई," तो म्हणायचा, "काटा बोलतो."

"साहेब," केरूभाऊने त्याला एकदा विचारलं, "तुम्ही स्वतः कधी चाखलंय का हिच्या हातचं?"

"आम्हाला चाखायची परवानगी नाही."

"मग त्या काट्याला तरी एकदा पोटभर जेवू घाला. कायम उपाशी दिसतो."

हिरामणला हसू आलं, आणि ते लपवायला तो माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. म्हणून मला ते दिसलं.

लताबाईला समज मिळाली, मग नोटीस आली. काटा पुन्हा पुढे गेला तर तिचा हात "वरचा हात" ठरणार होता. वरच्या हाताची चूल मंडळ कायमची विझवत असे. त्या बाईने मग मंडळाच्या भटारखान्यातून डबा आणून खायचा, जन्मभर चुलीसमोर बसायचं नाही.

यातून एकच सुटका होती. तपासणी चारचौघांत होणार, शेडमध्ये, माझ्यासमोर, मी ताजा कुटलेला मसाला वापरून, म्हणजे मसाल्याला दोष नको. आमटी झाली की घरातल्या थोरल्या बाईने ती चाखायची आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "माझ्यासारखंच आहे." एवढं तिने म्हटलं की काट्याचं बोलणं बाजूला, कारण जिला हेवा वाटायचा तिलाच फरक दिसत नसेल तर मंडळाच्या लेखी दुःखच उरत नव्हतं. मग चूल राहील, फक्त रोज उताराची पुडी टाकावी लागेल. आणि थोरली तसं म्हणाली नाही, तर चूल विझली.

म्हणजे लताबाईची चूल झुंबरबाईच्या जिभेवर होती.

तपासणीच्या आदल्या दुपारी झुंबरबाई मसाला न्यायला आली, तर लताबाई शेडमध्ये बाकावर नुसतीच बसलेली. केरूभाऊ जेवायला गेला होता. दोघीजणी आणि मी.

"इथं काय करतीस?"

"काय नाय आक्का. इथं जुन्या मसाल्याचा वास येतो अजून. म्हणून बसले."

झुंबरबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"उद्या मी म्हणंन," झुंबरबाई म्हणाली. "काळजी नको करू. चारचौघांत म्हणंन, सारखंच हाय म्हणून. मला काय तुझी चूल विझलेली बघायचीय?"

लताबाईने मान हलवली. मग म्हणाली, "चूल राहील आक्का. पण रोज रांधायचं, आणि रोज आपल्याच हातानं त्यात राख कालवायची. सहा वर्षं झाली, मला कुणी म्हणलं नाय, बरं झालंय का वाईट झालंय. आता तर माझं मलाच कळंना झालंय. मला वाटतं, मी कधी चांगलं करतच नव्हते. लोक उगाच बोलायचे."

झुंबरबाई काही बोलणार होती. मला ते जाणवलं. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. "मंडळवाले मसाला ओला देत्यात," एवढंच पुटपुटत ती उठली, पिशवी न घेताच निघाली, मग पिशवीसाठी परत आली.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू गोष्ट संपवताना काहीतरी मागतात. मी आताच मागून घेतो, कारण शेवट माझा नाही, तो दुसऱ्या कोणाचा आहे. मंडळ आता राहिलेलं नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे. तुमच्या गल्लीतली घरं निरनिराळ्या रंगांची आहेत आणि तुम्ही शर्यतीत हात सोडून पळता. मी शेडच्या कोपऱ्यात उभा आहे, पट्टा उंदरांनी कुरतडला आहे, केरूभाऊचे गुडघे दुखतात. कोणी कधी मला चालू केलंच, तर दोन थेंब तेल घाला आणि ओली मिरची टाकू नका, ती उखळाला चिकटून बसते. आणि दुसरं असं, की दुसऱ्याचं काही चांगलं दिसलं तर मनात ठेवू नका. मनात ठेवलेलं चांगलं कडू होतं. ते मी एका बाईच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं बघितलं आहे. ताट सगळ्यांचं सारखं भरलेलं असावं, यासाठी जरूर भांडा. पण कोणाची फुलं कातरायला बसू नका, आणि कोणी तुमच्या हातात कात्री दिली तर निदान विचारा, कशाला.

तर तपासणीची सकाळ.

शेड भरून गेली होती. ज्या बायका पूर्वी रांगेत भांडायच्या त्या सगळ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. केरूभाऊने मला चालू केलं. मी धाड-धाड करत मंडळाचा मसाला कुटला. माझ्या शेजारीच चूल मांडली होती. लताबाईने डाळ घोटली, फोडणी केली, मसाला टाकला, आणि पळी हातात धरून जरा थांबली. बाकीच्या बायका थांबत नसत. ती नेहमी थांबायची. कशाची वाट बघायची, ते तिचं तिला ठाऊक, किंवा तिलाही ठाऊक नसावं. मग तिने गरम पाणी ओतलं.

वास उठला. भिंतीजवळची एक म्हातारी डोळे मिटून बसली.

हिरामणने पट्टी बुडवली. काटा पाचावर आला, जरा घुटमळला, आणि पुढे गेला. चांगलाच पुढे गेला. त्याने पेटी टिचकीने ठोकून पाहिली. काटा हलला नाही.

"थोरल्या बाई कोण?" त्याने विचारलं. त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

झुंबरबाई पुढे आली. हिरव्या पाटीवाली, न चुकता पाचावर असणारी झुंबरबाई. हिरामणने वाटीत आमटी घेतली, भाकरीचा तुकडा ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाला, "चाखा बाई. आणि म्हणा, माझ्यासारखंच आहे. एवढंच म्हणायचंय."

झुंबरबाईने तुकडा बुडवला, खाल्ला. दुसरा बुडवला. तोही खाल्ला.

"म्हणा ना आक्का," मागून कोणीतरी कुजबुजलं.

"म्हणा की, बिचारीची चूल वाचंल."

"एक तर वाक्य हाय. त्याला काय लागतंय?"

लताबाई खाली बघत होती. तिने पळी अजून सोडली नव्हती. झुंबरबाईने वाटी तोंडाला लावली आणि उरलेली आमटी पिऊन टाकली. मग तिने वाटी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. पुसता पुसता पदर डोळ्यांवर गेला, आणि तिथेच राहिला थोडा वेळ. मी तर केव्हाच बंद होतो, शेडमध्ये मिरची उडत नव्हती.

"बाई," हिरामण म्हणाला, "सगळे थांबलेत. सारखंच आहे ना?"

झुंबरबाईने पदर खाली घेतला. तिने हिरामणकडे बघितलं नाही, बायकांकडे बघितलं नाही. ती चुलीशी गेली, लताबाईच्या समोर खाली बसली आणि तिच्या तोंडाकडे बघत, साऱ्या शेडला ऐकू जाईल एवढ्याने बोलली.

"माझ्यासारखं नाय, लता. माझ्यापेक्षा चांगलं हाय. तू आलीस त्या दिवाळीपासून चांगलंच हाय."